ग्वामचे पक्षी कुणी संपवले?

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ज्यूली सॅव्हिज ग्वाम बेटावर गेल्या, तेव्हा तिथल्या जंगलात एक विचित्र गोष्ट घडत होती. झाडं जागच्या जागी होती, फळं लागत होती, किडे-मुंग्या होत्या. पक्षी मात्र नव्हते. बेटाच्या दक्षिणेला ते वीसेक वर्षांपूर्वीच दिसेनासे झाले होते, मग मधल्या भागातून गेले. आता अगदी उत्तरेला, समुद्राकडे उतरणाऱ्या कड्याच्या पायथ्याशी असलेल्या जंगलपट्टीत काय ते उरले होते. सॅव्हिज इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेटचं काम करत होत्या. पक्ष्यांना कुठला रोग झालाय का हे तपासणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता, कारण जाणकारांचा पहिला संशय रोगावरच होता.

ग्वाम हे पश्चिम पॅसिफिकमधलं, मारियाना बेटमालिकेतलं सगळ्यात मोठं बेट. तरी त्याचं क्षेत्रफळ साधारण 540 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडं कमीच. इथले मूळ रहिवासी चामोरो. 1898 पासून बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. डिसेंबर 1941 मध्ये जपानने ते घेतलं, 1944 मध्ये अमेरिकेने परत मिळवलं, आणि मग तिथे लष्कराचा प्रचंड तळ उभा राहिला. युद्ध संपल्यावर पॅसिफिकभर पसरलेलं लष्करी सामान जहाजांत भरून या बेटाकडे येऊ लागलं. या जहाजांकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

रोगाचा संशय अगदी रास्त होता. हवाई बेटांवर डासांमधून पसरणाऱ्या पक्ष्यांच्या मलेरियाने आणि देवीसारख्या रोगाने स्थानिक पक्ष्यांच्या कितीतरी जाती खलास केल्या होत्या. पॅसिफिकमधल्या बेटावर पक्षी मरताहेत म्हटल्यावर कुठल्याही अभ्यासकाला आधी हवाईच आठवणार. दुसरा संशयित डीडीटी. युद्धकाळात आणि त्यानंतर डास मारायला ग्वामवर कीटकनाशकांची भरपूर फवारणी झाली होती. शिवाय शिकार, जंगलतोड, चक्रीवादळं, बाहेरून आणलेले कोतवाल पक्षी, उंदीर, मांजरं. संशयितांची यादी लांबलचक होती आणि प्रत्येकाच्या विरोधात थोडाफार पुरावाही होता. असा तपास सगळ्यात अवघड, कारण सगळेच थोडे थोडे दोषी आहेत असं म्हणून मोकळं होता येतं.

सॅव्हिज यांनी तसं केलं नाही. रोगाच्या खुणा शोधल्या, त्या हाती लागल्या नाहीत. पक्ष्यांना पुरते संपवतील इतके कीटकनाशकांचे अंशही मिळेनात. जंगलतोड म्हणावी, तर दक्षिणेत उभी जंगलं रिकामी पडली होती. वादळं म्हणावीत, तर उत्तरेला शेजारीच असलेल्या रोटा बेटालाही तीच वादळं झोडपत होती, आणि तिथे पक्षी सुखरूप होते. शेजारच्या बेटांशी केलेली ही तुलना मला साऱ्या तपासाचा कणा वाटते. ग्वामवर असं काय आहे जे रोटावर नाही? ग्वामच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या इवल्याशा कोकोस बेटावर नाही?

गावातल्या माणसांना विचारलं तर ती सरळ सांगत होती: साप. रात्री खुराड्यात शिरतो, अंडी खातो, पिल्लं गिळतो. कोंबड्या पाळणाऱ्यांना हे नवीन नव्हतं.

हा साप बोइगा इर्रेग्युलॅरिस. इंग्रजी नावाचा सरळ अर्थ 'तपकिरी झाडसाप', आणि आपणही त्याला तेच म्हणू. मूळचा पापुआ न्यू गिनी, उत्तर ऑस्ट्रेलिया, सॉलोमन बेटं आणि इंडोनेशियाचा पूर्व भाग इथला. शरीर सडपातळ, डोकं मोठं, डोळे बटबटीत, बाहुली मांजरासारखी उभी. साधारण एक ते दोन मीटर लांबीचा, क्वचित तीन मीटरपर्यंत वाढणारा. विष सौम्य, दात जबड्याच्या मागच्या बाजूला. मोठ्या माणसाच्या जिवाला धोका नसतो, तान्ह्या मुलांना मात्र असतो. दिवसभर ढोलीत, पानांच्या बेचक्यात पडून राहायचं आणि अंधार पडला की फांद्यांवरून शिकार हुडकत फिरायचं, ही त्याची रीत. त्यामुळे दिवसा पक्षी मोजायला जाणाऱ्या अभ्यासकाला तो दिसायचाच नाही.

पण त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचं मोठं कारण वेगळं होतं. एखाद्या सापाने अख्ख्या बेटावरचे पक्षी संपवले, अशी नोंद तोवर जगात कुठेच नव्हती. साप थंड रक्ताचा, त्याची भूक मोजकी. एक शिकार केली की कितीतरी दिवस तो निवांत. असा प्राणी डझनभर जाती पुसून टाकेल यावर तज्ज्ञांचा विश्वास बसत नव्हता. गावकऱ्यांचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचत होतं, पण ते पुरावा म्हणून मोजलं जात नव्हतं. सॅव्हिज यांनी ते मोजायचं ठरवलं, आणि त्यांच्या संशोधनातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच. बेटावरच्या रहिवाशांना त्यांनी विचारलं: तुमच्या भागात साप पहिल्यांदा कधी दिसला? कोंबड्या कधीपासून जाऊ लागल्या? या उत्तरांवरून त्यांनी सापाच्या पसरण्याचा नकाशा काढला. तो पक्षी नाहीसे होण्याच्या नकाशाशेजारी ठेवला तेव्हा दोन्ही जुळले. साप जसजसा पुढे सरकला, तसतसे पक्षी मागे हटले होते.

तरी एवढ्याने सिद्ध काही होत नाही. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं नसतं. त्याच काळात बेटावर रस्ते, मोटारी आणि विमानंही वाढलीच होती. म्हणून पुढची पायरी सापळ्यांची. नरसाळ्यासारख्या निमुळत्या तोंडाचे सापळे, ज्यात साप आत शिरू शकतो पण परत फिरू शकत नाही, आणि आत आमिष म्हणून जिवंत लावा पक्षी. असे सापळे बेटावर वेगवेगळ्या ठिकाणी लावले. जिथले रानपक्षी आधीच गेले होते तिथे आमिषावर सापांच्या धाडी जबरदस्त पडल्या. जिथे पक्षी अजून टिकून होते तिथे त्या अगदी कमी होत्या किंवा नव्हत्याच.

त्यातच आणखी एक पुरावा होता, आणि माझ्या मते रोगाचा मुद्दा त्यानेच निकालात निघाला. 1960 च्या दशकात बेटावर उंदीर आणि चिचुंद्र्या किती सापडतात याच्या नोंदी झाल्या होत्या. 1980 च्या दशकाच्या मध्यावर ती संख्या काही ठिकाणी 94 टक्क्यांपर्यंत घटली होती. पक्ष्यांचा मलेरिया उंदराला मारत नाही. पक्षी आणि उंदीर दोघांनाही सारख्याच चवीने खाणारा कुणीतरी तिथे होता. 1987 मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात सॅव्हिज यांचा शोधनिबंध आला आणि सापावरचा आरोप पक्का झाला.

तोवर फार उशीर झाला होता. ग्वामच्या जंगलात राहणाऱ्या 12 स्थानिक पक्षिजातींपैकी 10 बेटावरून नाहीशा झाल्या. त्यातला ग्वामचा माशीमार जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. तो कायमचा गेला. उरलेल्या दोन जाती कोणत्या, तेही बोलकं आहे. एक, गुहेच्या छताला घरटं चिकटवणारी पाकोळी, जिच्यापर्यंत पोचणं सापाला कठीण. दुसरा, मैनेच्या कुळातला काळा पक्षी, जो जंगल सोडून माणसाच्या वस्तीला आणि अमेरिकी हवाई दलाच्या तळावरच्या इमारतींना धरून राहिला.

दोन प्रश्न मात्र उरतातच. पहिला, पक्षी संपल्यावर साप उपाशी का मेला नाही? एरवी शिकार घटली की शिकारीही घटतात, आणि त्या अवधीत भक्ष्याला पुन्हा डोकं वर काढता येतं. ग्वामवर तसं झालं नाही, कारण तिथे पाली आणि सापसुरळ्या मुबलक होत्या, आणि त्या झपाट्याने वाढतात. लहान सापाला त्या पोटभर पुरतात. पक्ष्यांवाचून सापाचं काही अडत नव्हतं. मिळाला तर खायचा, नाही तर पाल आहेच. अशा वेळी दुर्मीळ झालेल्या जातीचा शेवटचा पक्षीसुद्धा वाचत नाही. भरभराटीच्या काळात काही ठिकाणी हेक्टरी 50 ते 100 साप असल्याचे अंदाज आहेत. एकरात सांगायचं तर वीस ते चाळीस.

दुसरा प्रश्न अधिक खोलातला. त्याच्या मायदेशी, न्यू गिनीत, हा साप पक्षी संपवत का नाही? इथे आपल्या सह्याद्रीकडे पाहावं. आपल्याकडचा मांजऱ्या साप याच बोइगा कुळातला: तोच सडपातळ बांधा, तेच मोठे डोळे, तीच रात्रीची भटकंती. कोकणातल्या वाड्यांत आणि घाटातल्या रानात मांजऱ्या पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्याच्या शेजारी बुलबुल, दयाळ, सुभगही सुखाने नांदताहेत. कारण इथले पक्षी सापांच्या सोबतीनेच घडले. घरटं कुठे बांधायचं, कलकलाट कधी करायचा, पिल्लं सोडून कधी उडायचं, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. शिवाय मांजऱ्याला खाणारे ससाणे, घुबडं, मुंगूस, दुसरे साप इथे आहेतच. ग्वामच्या पक्ष्यांना साप म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. तिथे आधीपासून असलेला साप एकच, गांडुळाएवढा आंधळा वाळा, जो आपल्याकडेही कुंडीच्या मातीत सापडतो आणि मुंग्यांची अंडी खाऊन जगतो. त्याच्यापासून पक्ष्यांनी काय शिकावं?

तो बेटावर आला कसा, हे जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं. ग्वामवरच्या सापांची जनुकं पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावरच्या सापांशी जुळतात. युद्धात मानुसवर अमेरिकी नौदलाचा मोठा तळ होता आणि युद्धानंतर तिथून सामान ग्वामला हलवलं गेलं. साप 1940 च्या दशकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर थोड्याच काळात उतरले असावेत. 2015 च्या एका अभ्यासाच्या अंदाजाने आलेले साप फार तर दहा असतील. पुढची सारी प्रजा त्यांचीच.

आगंतुक म्हटलं की आपल्याला घाणेरी, रानमोडी, गाजरगवत आठवतं, आणि त्यांच्या नुकसानीचा हिशेब आपण थेट मांडतो: चारा गेला, पीक गेलं. ग्वामच्या अभ्यासाचं वेगळेपण असं की तिथे हिशेब मूळ नुकसानीच्या फार पुढे नेला गेला. हे काम विशेषकरून अभ्यासक हाल्ड्री रॉजर्स यांचं. पक्षी गेल्यावर पक्ष्यांची कामं कोण करतं, असा त्यांचा प्रश्न होता.

किडे-कोळी खाणं हे त्यातलं एक काम. ग्वामच्या रानातून चालताना जाळी बाजूला सारायला हातात काठी लागते, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. पण चेहऱ्याला चिकटणारं जाळं म्हणजे मोजमाप नव्हे. म्हणून रॉजर्स आणि त्यांचे सहकारी जंगलात ठरावीक लांबीच्या रेषा आखून प्रत्येक जाळं मोजत गेले. तशाच रेषा सैपान, टिनियान आणि रोटा या शेजारच्या, पक्षी असलेल्या बेटांवरही आखल्या. 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोरड्या ऋतूत ग्वामवर कोळी शेजारच्या बेटांच्या दुपटीहून थोडे जास्त, आणि पावसाळ्यात 40 पटींपर्यंत.

दुसरं काम बिया पेरण्याचं. उष्ण प्रदेशातल्या जंगलात बहुतेक झाडं फळ धरतात ती कुणीतरी खावं म्हणून. पक्षी फळ गिळतो, उडतो आणि दूर कुठेतरी बी टाकतो. पोटातून गेल्यावर गर निघून जातो आणि बी रुजायला मोकळं होतं. ग्वामवर फळ पिकतं आणि आईच्याच सावलीत पडतं. तिथे दाटी, अंधार आणि त्याच झाडाला लागणाऱ्या बुरश्या व किडी. रॉजर्स यांच्या गटाने दोन झाडांचा बारकाईने अभ्यास केला आणि 2017 मध्ये अंदाज मांडला: पक्षी गेल्यामुळे नव्या रोपांची भर 61 ते 92 टक्क्यांनी घटली असावी. त्या दोहोंपैकी एक झाड प्रेम्ना सेर्राटिफोलिया, म्हणजे आपल्या वैद्यांच्या दशमुळातला अग्निमंथ, ज्याला आपल्याकडे ऐरण किंवा नरवेल म्हणतात. भारताच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत पसरलेलं हे झाड. कोकणात त्याची बारीक काळसर फळं खायला पाखरं येतात तेव्हा त्यांच्याकडून केवढं काम होत असतं, हे मला ग्वामचे आकडे वाचल्यावर नीट उमगलं. वादळाने झाड पडून मोकळी झालेली जागा भरून काढायला ग्वामच्या जंगलात रोपं पुरेशी पोचत नाहीत. सापाने एकही झाड खाल्लेलं नाही, तरी जंगल विरळ होऊ लागलं आहे.

माणसांचं नुकसान वेगळंच. साप विजेच्या खांबांवर चढतात, तारांना शॉर्ट सर्किट करतात. 1978 ते 1997 या काळात सापांमुळे वीज गेल्याच्या 1600 हून अधिक घटना नोंदल्या गेल्या.

मग उपाय काय? सापळे लावून लहानसा भाग रिकामा करता येतो, पण अख्ख्या बेटाचं दुर्गम जंगल सापळ्यांनी कसं आवरणार? अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी विषाचा शोध घेतला आणि तो संपला आपल्या घरोघरच्या औषधाच्या डब्यात. पॅरासिटामोल. ताप आला की आपण जी गोळी घेतो ती सहसा 500 मिलिग्रॅमची. या सापाला 80 मिलिग्रॅम पुरतात. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच ते काढून घेतं. आणखी एक गोष्ट पथ्यावर पडली. बहुतेक साप जिवंत शिकारच खातात, पण हा मेलेलं भक्ष्यही खातो. म्हणून उंदराच्या मेलेल्या पिल्लाच्या तोंडात औषध घालायचं आणि हेलिकॉप्टरमधून जंगलावर टाकायचं. नुसतं टाकलं तर ते जमिनीवर पडतं आणि खेकडे उचलतात. त्यासाठी पिल्लाला कागदाची लांब फीत जोडली गेली, म्हणजे ती झाडाच्या शेंड्यात अडकून लोंबकळते, नेमकी सापाच्या वाटेत. 2013 च्या डिसेंबरमध्ये अशी 2000 पिल्लं एका प्रयोगात टाकली गेली. त्यानंतर हे काम यंत्राने करायची सोयही झाली. जिवाला विष घालून जीव वाचवायचा हा व्यवहार अनेकांना खुपतो, आणि तो खुपावाही. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे हे आपण वर पाहिलं.

सापाचा अभ्यास मात्र संपत नाही. मैनेच्या कुळातला तो वाचलेला पक्षी वाढावा म्हणून खांबांवर घरट्याच्या पेट्या लावल्या होत्या. साप चढू नये म्हणून खांबाभोवती जवळजवळ मीटरभर लांबीचं गुळगुळीत पत्र्याचं नळकांडं बसवलं होतं. इतक्या जाड, निसरड्या नळकांड्याला विळखे घालत चढणं कुठल्याही सापाला जमणार नाही असा हिशेब होता. रात्रीचं चित्रण तपासताना दिसलं ते अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. साप नळकांड्याभोवती शरीराचा एकच मोठा फास टाकतो, शेपटीकडचा भाग स्वतःभोवती अडकवून गाठ पक्की करतो, आणि त्या फासातल्या लहान लहान वळणांना एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकवत इंचाइंचाने वर जातो. मधेच घसरतो, थांबतो, जोरजोरात श्वास घेतो, पुन्हा चढतो. सापांच्या हालचालीचा असा प्रकार आधी कुणी नोंदवलेला नव्हता. जानेवारी 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि लेखकांमध्ये ज्यूली सॅव्हिज यांचं नाव होतं. चार दशकांनी! या शोधाचा उपयोगही लगेच आहे: पेटीच्या खांबाला कसली अडचण करायची हे आता साप कसा चढतो ते पाहून ठरवता येतं.

ग्वामहून निघणारी जहाजं आणि विमानं शिकवलेल्या कुत्र्यांकडून हुंगून तपासली जातात. त्यात हलगर्जी परवडणारी नाही, कारण हवाईत 1981 ते 1998 दरम्यान असे आठ साप सापडले होते. दुसरीकडे, बेटावरून गेलेल्या पक्ष्यांपैकी दोन जाती पिंजऱ्यांत जगवल्या गेल्या. एक पाणकोंबड्यांच्या कुळातला, न उडणारा कोको. दुसरा सिहेक हा तांबूस-निळा खंड्या. 1980 च्या दशकात उरलेसुरले पक्षी पकडून प्राणिसंग्रहालयांत नेले होते. सिहेक फक्त 29 होते. कोकोला आधी रोटावर आणि 2010 मध्ये कोकोस बेटावर सोडलं. तो तिथे रुजला, आणि 2019 मध्ये 'निसर्गातून नामशेष' या यादीतून बाहेर आला. त्यानंतर वर्षभरातच, 2020 मध्ये, कोकोस बेटावर तपकिरी झाडसाप आढळले.

सिहेकसाठी मग पार हजारो किलोमीटर दूरचं पाल्मायरा हे प्रवाळबेट निवडलं गेलं, जिथे साप नाही. सप्टेंबर 2024 मध्ये तिथे नऊ तरुण पक्षी सोडले आणि पुढच्या वसंतात त्यांनी अंडी घातली. पाल्मायरा हे त्यांचं घर नव्हे, तालमीची जागा आहे. ग्वामवर परत न्यायचं तर साप किती कमी झाले म्हणजे खंड्याचं पिल्लू उडेपर्यंत जगेल, याचा आकडा हवा आहे. तो काढण्यासाठी ग्वामवरच्या हवाई दलाच्या तळावरच्या जंगलाचा एक तुकडा सापाला ओलांडता येणार नाही अशा कुंपणाने बंद केला आहे, आणि तिथले साप कमी करत करत मोजणी चालू आहे.